अलाबामाचा संघ एका रात्रीत बदलला काय?

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यात चेंडूला पाय लावण्याचे काम फार थोडे असते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, मैदान शंभर यार्डांचे. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. चेंडू काखेत मारून पळा, नाही तर हवेतून आपल्या गड्याकडे फेका. ज्याने आयुष्यात एकदा तरी कबड्डीत चढाई केली आहे त्याला यातली रेटारेटी आणि पकड लगेच समजेल. मी वस्तीच्या संघातून पाच वर्षे कबड्डी खेळलो आहे, म्हणून मला तो खेळ परका वाटला नाही.

या खेळाकडे मी वळलो तो माझ्या भाच्यामुळे. तो गेली दोन वर्षे अलाबामा राज्यातील टस्कलूसा या गावी विद्यापीठात शिकत आहे. ताईच्या घरात पहिला परदेशी गेलेला मुलगा! दर शनिवारी फोन असतो. “मामा, इथे सामन्याच्या दिवशी अख्खे गाव मैदानावर असते. आपल्याकडे १४ एप्रिलला रस्ते भरतात ना, तसे रस्ते भरतात,” असे तो सांगतो. याच भाच्याने एकदा एक गोष्ट सांगितली. तिकडे ती लहान पोरालाही पाठ आहे म्हणे. ती अशी : १९७० सालापर्यंत अलाबामाच्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. त्या वर्षी १२ सप्टेंबरला कॅलिफोर्नियाचा यूएससी हा संघ अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरी खेळायला आला. त्यांच्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने बारा वेळा चेंडू घेऊन १३५ यार्डांची मजल मारली, दोन टचडाउन केले. अलाबामा स्वतःच्या अंगणात ४२-२१ असा हरला. गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडले, आणि पुढच्या वर्षी अलाबामाच्या संघात काळे खेळाडू आले, खेळाची पद्धतही नवी आली, विजयही आला. मार्टिन ल्यूथर किंग यांना इतक्या वर्षांत जे जमले नाही ते कनिंगहॅमने एका तासात केले, असे एक वाक्य तिकडे अजून फिरते.

रविवारी मी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. बँक, रेल्वे, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणारी मुले तिथे येतात. त्यांना ही गोष्ट सांगितली. एक हुशार मुलगा लगेच म्हणाला, “काका, म्हणजे मोर्चा नको, कोर्ट नको. आपण पळून दाखवायचे, दार आपोआप उघडते.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी एवढेच म्हणालो की पुढच्या रविवारी बोलू. मी कॉमर्सचा माणूस. खतावणी जुळत नसेल तर आधी तारखा तपासायच्या, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आठवडाभर संध्याकाळी घरी येऊन मी तेच केले. भाच्याकडून पुस्तकांतली पाने मागवली, जुन्या बातम्या वाचल्या. या गोष्टीत दोन बदल एकत्र बांधलेले आहेत, एक खेळाच्या पद्धतीचा आणि एक माणसांचा. दोन्ही निरनिराळे सोडवून पाहावे लागतात.

आधी पद्धतीचे सांगतो, कारण मुलांना त्यातच जास्त रस होता.

ही नवी पद्धत अलाबामाची नव्हेच. ती टेक्सास विद्यापीठात १९६८ साली जन्मली. तिथले मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल मोठे नावाजलेले, परंतु तीन वर्षे लागोपाठ त्यांचा संघ दर हंगामात चार-चार सामने हरत होता. त्यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी एक वेगळी रचना मांडली. चेंडू प्रथम हातात येतो तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाच्या सूत्रधाराच्या. त्याच्या बरोबर मागे एक दणकट गडी, तो फुलबॅक. त्याच्या मागे थोडे डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन हाफबॅक. वरून पाहिले तर बेचकी दिसते. अभ्यासिकेत मी चार स्टुले मांडून दाखवली तेव्हा मुलांना ती चटकन कळली. एका वार्ताहराला तीत कोंबडीच्या छातीचे दुबेळके हाड दिसले, त्यावरून ‘विशबोन’ हे नाव पडले. आपण बेचकीच म्हणू.

या बेचकीची खरी गंमत रचनेत नाही, निर्णयात आहे. एरवी प्रशिक्षक सांगतो, चेंडू अमक्याला द्या, आणि बाकीचे समोरच्या प्रत्येकाला अडवतात. इथे समोरच्या फळीतला एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन फुलबॅकच्या पोटाशी धरायचा आणि डोळा त्या मोकळ्या गड्यावर ठेवायचा. तो फुलबॅकवर धावला तर चेंडू काढून घेऊन स्वतः कडेने पळायचे. तो जागीच थांबला तर चेंडू फुलबॅकला सोडून द्यायचा. पुढे आणखी एखादा अंगावर आला, तर शेवटच्या क्षणी बाजूने पळणाऱ्या हाफबॅककडे चेंडू टाकायचा. म्हणजे तीन वाटा, आणि वाट निवडायला डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ. अडवायला एक माणूस कमी लागतो, तो दुसरीकडे कामाला येतो. हिशेब साधा आहे. पण तो पळता पळता करायचा आहे!

आणि तो लगेच जमला नाही, हे मुलांना मी दोनदा सांगितले. १९६८ चा टेक्सासचा पहिला सामना ह्यूस्टनशी २०-२० असा बरोबरीत सुटला. दुसऱ्यात टेक्सास टेकने त्यांना ३१-२२ असे हरवले. आपल्याकडे असते तर नव्या पद्धतीवर इथेच शेरा मारून फाइल बंद झाली असती. रॉयल आणि बेलार्ड यांनी पद्धत सोडली नाही, दोन बारीक बदल केले. फुलबॅक स्टीव्ह वॉर्स्टर क्वार्टरबॅकच्या फार जवळ उभा होता, त्यामुळे निर्णयाला वेळ पुरत नव्हता. त्याला थोडा मागे सरकवले. दुसरा बदल दुखरा होता. क्वार्टरबॅक बिल ब्रॅडली म्हणजे संघाचा हिरो, लोक त्याला सुपर बिल म्हणत. त्याला बाजूला करून जेम्स स्ट्रीट या फारशा कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या पोराला ती जागा दिली.

ब्रॅडलीची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. कार्यालयात नवी पद्धत आली की कुणाला अवघड जाते? ज्याला जुन्यातही काही येत नव्हते तो निवांत असतो. ज्याचे जुन्यात उत्तम चालले होते, ज्याला विचारल्याशिवाय साहेबाची सही होत नव्हती, त्याची झोप उडते. असे लोक मी जवळून पाहिले आहेत. काही स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले, काही शेवटपर्यंत रुसून बसले. ब्रॅडली रुसला नाही. आधी चेंडू झेलणाऱ्याच्या जागी खेळला, मग बचावात गेला. त्याच हंगामाच्या अखेरीस टेक्सास ए अँड एम विरुद्ध त्याने समोरच्यांचे चार फेकलेले चेंडू मधल्यामध्ये पकडले. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९७१ आणि १९७२ अशी दोन्ही वर्षे असे चेंडू पकडण्यात तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता. क्वार्टरबॅक राहिला असता तर हे झाले असते का, कोण जाणे.

स्ट्रीट आल्यानंतर टेक्सास लागोपाठ तीस सामने जिंकला. ती माळ तुटली १ जानेवारी १९७१ रोजी, नोत्र दामविरुद्ध.

आता अलाबामा. तिथले प्रशिक्षक पॉल ब्रायंट, टोपणनाव ‘बेअर’, म्हणजे अस्वल. १९६१, १९६४ आणि १९६५ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेला माणूस. परंतु १९६९ आणि १९७० या दोन्ही हंगामांत संघाला सहा-सहाच विजय मिळाले होते. लोक कुजबुजू लागले की म्हातारा संपला. १९७१ च्या उन्हाळ्यात ब्रायंट रॉयल यांच्याकडे गेले. वयाची साठी जवळ आलेला, नावाजलेला माणूस दुसऱ्याकडे शिकायला जातो, आणि तो दुसराही हातचे न राखता शिकवतो, फिल्म दाखवतो, बारकावे सांगतो! आपल्या चळवळीतल्या पुढाऱ्यांची आठवण होऊन मी इथे वाचता वाचता थांबलो होतो. असो.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला तेव्हा ब्रायंट यांनी संघाला बेचकीची गोष्ट सांगितली, आणि ती बाहेर फुटू द्यायची नाही हेही सांगितले. पत्रकार सराव पाहायला आले की संघ जुन्या पद्धतीने, चेंडू फेकत खेळून दाखवी. पत्रकार गेले की पडद्याआड बेचकी. हाताशी आठवडे मोजकेच होते. चेंडू फेकण्यावर पोसलेल्या संघाला पळण्यावर आणायचे होते. डेव्हिड बेली नावाचा खेळाडू आधीच्या दोन्ही हंगामांत पन्नासहून अधिक चेंडू झेलून नावारूपाला आलेला. नव्या पद्धतीत त्याच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी आले. त्याचे मुख्य काम झाले दुसऱ्यासाठी वाट मोकळी करण्याचे, समोरच्याला अडवण्याचे. वर्तमानपत्रात ज्याचे नाव येत नाही ते काम. टेरी डेव्हिस हा नवा क्वार्टरबॅक आला. फेकण्यापेक्षा तो योग्य क्षणी चेंडू सोडण्यात पक्का होता.

१० सप्टेंबर १९७१, शुक्रवारची रात्र, लॉस एंजेलिस. समोर तोच यूएससी संघ, ज्याने वर्षापूर्वी धूळ चारली होती. दुसऱ्या दिवशी ब्रायंट यांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस. यूएससीच्या बचावाने तयारी केली होती ती जुन्या अलाबामाची. समोर उभी राहिली बेचकी. जॉनी मूसो या हाफबॅकने दोन टचडाउन केले आणि अलाबामा १७-१० असा जिंकला. त्या हंगामात पुढे ते सगळे सामने जिंकत गेले आणि अगदी शेवटच्या ऑरेंज बाउलमध्ये नेब्रास्काने त्यांना ३८-६ असे झोडपले. नवी पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे, हे त्या ३८-६ वरून कळते. तरीही १९७१ ते १९७९ या नऊ वर्षांत अलाबामाने आपल्या विभागाचे विजेतेपद आठ वेळा मिळवले.

म्हणजे खेळाच्या पद्धतीतला जो बदल एका उन्हाळ्यात झाल्यासारखा दिसतो, त्याच्या मागे टेक्सासची तीन वर्षांची तयारी, एक पराभव, एक बरोबरी आणि एका हिरोची गेलेली जागा आहे.

आता माणसांच्या बदलाकडे येतो. इथे मी मुलांना फळ्यावर तारखाच लिहून दिल्या.

फेब्रुवारी १९५६. ऑथरिन ल्यूसी ही काळी तरुणी कोर्टात जिंकून अलाबामा विद्यापीठात शिकायला आली. तीन दिवस वर्गात बसली. गोऱ्या जमावाने दंगल केली, आणि विद्यापीठाने जमावाला नव्हे, तिलाच बाहेर काढले. ११ जून १९६३. व्हिव्हियन मॅलोन आणि जेम्स हूड हे दोन काळे विद्यार्थी प्रवेशासाठी आले, तेव्हा राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात आडवा उभा राहिला. अध्यक्ष केनेडींना सैनिक पाठवून त्याला बाजूला करावे लागले. मॅलोन १९६५ साली पदवीधर झाली. म्हणजे वर्गाचे दार उघडले. मैदानाचे अजून बंदच होते.

१९६७ चा वसंत ऋतू. डॉक रोन आणि त्याच्यासोबत आणखी चार काळे विद्यार्थी फुटबॉलच्या सरावाला आले. शिष्यवृत्ती नाही, बोलावणे नाही, स्वतःच्या पायाने आले. त्यांना सराव करू दिला गेला, परंतु त्यांतला एकही पुढे मुख्य संघातून सामना खेळू शकला नाही. जुलै १९६९ मध्ये विद्यापीठातील काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने कोर्टात दावा लावला की फुटबॉलच्या शिष्यवृत्त्या देताना काळ्या खेळाडूंना डावलले जाते. डिसेंबर १९६९ मध्ये अलाबामाने ओझार्क गावच्या विल्बर जॅक्सनला करारबद्ध केले. फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळालेला हा तिथला पहिला काळा खेळाडू.

इथे मी खडू खाली ठेवला आणि त्या हुशार मुलाला विचारले, “कनिंगहॅमचा सामना कोणत्या तारखेचा?” तो म्हणाला, “१२ सप्टेंबर १९७०.” मग स्वतःच फळ्याकडे पाहत राहिला. त्या रात्री विल्बर जॅक्सन विद्यापीठात दाखल झालेला होता. त्या काळच्या नियमाने पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मुख्य संघात खेळत नसत, म्हणून तो मैदानात नव्हता, एवढेच. कनिंगहॅमने दार उघडले असे म्हणतात, त्या दाराच्या आत एक जण आधीच उभा होता, आणि त्याला आत आणणारी कोर्टाची तारीखही आधीचीच होती.

सामन्यानंतर ब्रायंट कनिंगहॅमला आपल्या खेळाडूंच्या खोलीत घेऊन गेले आणि खरा फुटबॉलपटू असा दिसतो असे म्हणाले, अशीही एक कथा आहे. त्या खोलीत हजर असलेल्या कित्येक खेळाडूंनी असे काही घडलेच नसल्याचे सांगितले आहे. पण कथा गोड आहे, म्हणून चालते. अशा गोष्टीत एका बलाढ्य माणसाचे मन पालटते आणि सारे काही सुरळीत होते. ल्यूसीचे नाव घ्यावे लागत नाही, दावा लावणाऱ्या पोरांचे उपकार मानावे लागत नाहीत. क्रिकेटमध्ये आपल्याकडे काय झाले? पळवणकर बाळू हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज. गुणवत्तेत काय कमी होते? तरी पुण्यात त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे, आणि कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुष्कळ वाद होऊन १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंचा चेंडू वर्षानुवर्षे वळत होता, दार काही आपोआप वळले नाही.

याचा अर्थ कनिंगहॅमचे १३५ यार्ड वाया गेले असा मी काढत नाही. त्या रात्रीने गोऱ्या प्रेक्षकांच्या तोंडाला कुलूप लावले असेल. जे व्हायचे होते ते थोडे सोपे झाले असेल. कबड्डी खेळलेल्या माणसाला मैदानातल्या विजयाची किंमत कळते. माझे म्हणणे क्रमाचे आहे.

१९७१ च्या त्या लॉस एंजेलिसच्या सामन्यात अलाबामाच्या बचाव फळीत जॉन मिशेल होता. मोबील शहरचा, अलाबामाचाच मुलगा. घरच्या विद्यापीठाने बोलावले नाही म्हणून दूर अ‍ॅरिझोनातल्या छोट्या कॉलेजात गेलेला. यूएससीचे प्रशिक्षक मॅके यांनी गप्पांच्या ओघात ब्रायंट यांना सांगितले की तुमच्या राज्यातला एक चांगला मुलगा आम्ही घेत आहोत. ब्रायंट यांनी ताबडतोब आपल्या माणसांना फोन लावून त्याला शोधायला सांगितले. अलाबामाकडून सामना खेळलेला पहिला काळा खेळाडू तो. १९७२ साली तो सहकर्णधार झाला आणि १९७३ साली त्याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक.

विल्बर जॅक्सन आला होता चेंडू झेलणारा म्हणून. बेचकी आली आणि झेलणाऱ्यांची गरजच कमी झाली. त्याला हाफबॅक केले. बेलीप्रमाणे त्यालाही शिकलेले विसरून नवे शिकावे लागले; भोवतीचे कित्येक जण आयुष्यात प्रथमच काळ्या माणसाबरोबर एका खोलीत कपडे बदलत होते, हे ओझे वेगळेच. १९७३ साली संघात सर्वाधिक यार्ड त्याने पळून काढले, त्या वर्षी तो सहकर्णधारही होता, आणि १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले.

अभ्यासिका बंद करायची वेळ झाली होती. मुले स्टुले उचलू लागली. तो हुशार मुलगा फळा पुसत नव्हता. “काका, १९६७ चे ते पाच जण, जे खेळलेच नाहीत, त्यांचे पुढे काय झाले?” त्याने विचारले. सगळ्यांचे मला सांगता आले नाही. एकाचे सांगितले. आर्थर डनिंग त्याचे नाव. शिकत राहिला, उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात मोठमोठी पदे सांभाळली आणि जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी स्टेट विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. मुलाने वहीत १९६७ च्या पुढे ते नाव लिहून घेतले आणि मग फळा पुसला.